‘आय-सेव्हन, सोळा जीबी, फक्त अठरा हजार’ : गेमिंग पीसी घेताना पूर्ण नाव कसं वाचायचं

सांगली-मिरजेच्या किंवा सातारा-कराडच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर या धर्तीची जाहिरात हमखास दिसते : ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट, आरजीबी कॅबिनेट, फक्त १८,०००.’ गंमत अशी, की यात खोटं काहीच नसतं. प्रत्येक भागाचं फक्त अर्धं नाव सांगितलेलं असतं आणि फसगत उरलेल्या अर्ध्यात होते.

आय-सेव्हन हे आडनाव झालं. सांगलीत नुसतं ‘पाटील’ म्हटल्यावर कुठले पाटील ते विचारावंच लागतं, तसंच हे. अठरा हजाराच्या डब्यातला आय-सेव्हन बहुतेक वेळा आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो. पहिला २०११ चा, दुसरा २०१२ चा. त्यांना बसणारे एच६१ चिपसेटचे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) आजही कोरे मिळतात, म्हणून पीसी ‘नवा’ म्हणून विकता येतो. पण या प्रोसेसरना एव्हीएक्स२ नावाच्या सूचना कळत नाहीत. त्या इंटेलमध्ये २०१३ साली, चौथ्या पिढीपासून आल्या आणि आजचे काही खेळ त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाड करून त्यावर विंडोज ११ चढवलं, तरी व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन खेळ तिथे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. मग तीन-चार दिवसांत दुकानदाराला फोन जातो, ‘दादा, गेम ओपनच होईना.’

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’चंही तेच. ते निघतं जीटी ७३०. मार्केट यार्डात गाळा मोठा घेतला आणि हमाल दोनच ठेवले, तर हळदीची पोती जागची हलत नाहीत. जीबी म्हणजे गाळा आणि कार्डावरची चिप म्हणजे हमाल. चिपचं नाव कळल्याशिवाय जीबीच्या आकड्याला अर्थ नाही.

आधी खेळ आणि पडदा

भागांची यादी करण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा : कोणते खेळ खेळायचे आणि कोणत्या मॉनिटरवर. व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असे स्पर्धेचे खेळ ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरला जास्त पिळतात. मोठ्या जगाचे, गोष्टीचे, झाडं-पाणी-उजेड खराखुरा दाखवणारे खेळ कार्डाला पिळतात. मॉनिटर १०८० पीचा (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा) असेल तर आठ जीबीचं मध्यम कार्ड बऱ्याच खेळांना पुरतं. १४४० पी म्हटलं की कार्डाला पावणेदोन पटीहून जास्त ठिपके रंगवावे लागतात आणि बजेट त्याच हिशेबाने सरकतं. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर पीसीने सेकंदाला १५० फ्रेम काढल्या तरी पडदा ६० वेळाच बदलणार. स्पर्धेचे खेळ खेळायचे असतील तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण मॉनिटर १०० हर्ट्झ किंवा त्याहून वरचा घ्या. १०८० पीसाठी २४ इंच बास. त्याच रिझोल्यूशनवर २७ इंच घेतला तर अक्षरं फुगीर दिसतात.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस सोडून हातात ६०,००० रुपये आहेत असं धरू. साधारण वाटणी अशी करावी : ग्राफिक्स कार्डाला २१ ते २३ हजार, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून १६ ते १७, रॅम आणि एसएसडीला ११ ते १३, एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) साडेचार ते पाच, कॅबिनेटला साडेतीन ते चार. ही वाटणी आहे, भावपत्रक नव्हे. भाव आठवड्याला हलतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून तर मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि रॅम सणसणीत महागली. अशा वेळी रॅमसाठी लागणारे जास्तीचे पैसे कॅबिनेटमधून किंवा एसएसडी निम्म्या आकाराची घेऊन काढा, एसएमपीएसमधून नको. का, ते पुढे येईलच.

कार्ड

या बजेटमध्ये ओळखीचं नाव म्हणजे आरएक्स ६६००. आठ जीबी, १३२ वॅट, वीज द्यायला एकच आठ पिनांचा जोड. नावात थोडा फरक पडला तरी माल किती बदलतो, हे त्याचा धाकटा भाऊ आरएक्स ६५०० एक्सटी दाखवतो. तो चार जीबीचा आहे आणि मदरबोर्डाशी फक्त चार लेननी (माहितीच्या चार वाटांनी) बोलतो. पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) ४.० च्या बोर्डवर कसंबसं भागतं. जुन्या ३.० च्या बोर्डवर तोच रस्ता निम्मा होतो, आणि चार जीबी भरले की खेळ अडखळायला लागतो. आरटीएक्स ३०५० चीही दोन रूपं आहेत. आठ जीबीचं १३० वॅटचं आणि सहा जीबीचं ७० वॅटचं. फरक नुसता दोन जीबीचा नाही, सहावाल्याची चिपही छाटलेली आहे. मात्र त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज मिळते. ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड पीसीला तेच कार्ड जमतं, कारण त्या डब्यांचे एसएमपीएस छोटे असतात आणि अनेकदा त्यांचे जोडही कंपनीचे खास असतात. दुकानातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. डबा बारीक असेल तर कार्ड ‘लो प्रोफाइल’ (कमी उंचीचं) आहे ना, तेही बघा, नाहीतर झाकण लागणार नाही.

जुनं कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास खेळ चालवून बघा आणि ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रामने चिपचं खरं नाव तपासा. जुन्या चिपला नव्या कार्डाचं नाव चिकटवून विकण्याचा धंदा जुना आहे. पंखे थरथरतात का, पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात का, हे थंड कार्डावर कळत नाही. ते तापल्यावरच कळतं.

आत्ता कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट, सीएस२ कमी सेटिंगवर चालतात. पण ते ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, म्हणून तिथे रॅमच्या दोन पट्ट्या लागतातच.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर (काम करणारे मेंदू) आणि बारा थ्रेडचे (एकाच वेळी चालणारी कामं). दुकानात जो स्वस्त पडेल तो घ्या, पश्चात्ताप होणार नाही. त्याहून खाली आय३-१२१००एफ चार कोअरचा आहे. आय७-२६०० ला सुद्धा चारच कोअर, पण अकरा वर्षांच्या अंतरामुळे हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. रायझन ५ ५५०० फक्त शंभर आकड्यांनी मागे दिसतो. प्रत्यक्षात त्याची कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई ४.० ऐवजी ३.०. इंटेलच्या नावाअखेरचा ‘एफ’ नीट वाचा : आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की तोवर पडदा काळाच.

मदरबोर्डावर हजार-दोन हजार वाचवता येतात, फक्त काय सोडतोय ते माहीत हवं. रायझनसाठी ए५२० वर पीसीआयई ४.० मिळत नाही, बी५५० वर मिळतं. इंटेलसाठी एच६१० वर रॅमच्या दोनच खाचा असतात. इंटेलचा बाराव्या पिढीचा बोर्ड रॅमच्या डीडीआर४ पिढीचाही येतो आणि डीडीआर५ चाही, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. नाव जवळजवळ सारखं असतं, शेवटी ‘डी४’ आहे का ते पाहायचं. जुना बी४५० स्वस्तात मिळाला तर त्याचं बायोस (बोर्डाला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० साठी अपडेट केलेलं आहे का, हे दुकानातच विचारा. नसेल तर सगळं बरोबर जोडूनही पडद्यावर काही येणार नाही आणि तुम्ही तीन दिवस वायरी काढत-घालत बसाल.

‘१६ जीबी’ हेही अर्धं नाव. १६ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन यांत जमीन-अस्मानाचा नाही, पण खेळात दिसेल इतका फरक आहे. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन पट्ट्या ५१.२. दोन पट्ट्या लावताना बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. वापरलेली रॅम घेणं तसं कमी धोक्याचं. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, एकही चूक दाखवली नाही तर बिनधास्त वापरा.

एसएमपीएस

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो डबा उलटा करून बाजूचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. १२ ला त्या आकड्याने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, आणि आजचा पीसी ते फारसे वापरत नाही, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. आता गरज मोजा. आय५-१२४००एफ जोरात असताना ११७ वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून आणखी ५० धरा. झाले ३००. त्या १९२ मध्ये हे कुठून बसणार? चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३६ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ४३२ वॅट लिहिलेले असतात. ४५० ते ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), नावाजलेली कंपनी, आणि कार्डासाठी स्वतःची सहा-अधिक-दोन पिनांची वायर. ती वायर नसली की दुकानातला पोरगा मोलेक्सचा (जुन्या चार पिनांचा) जोड लावून देतो. तो जोड तापतो आणि प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो.

कमी पडणाऱ्या एसएमपीएसचं लक्षण ठरलेलं आहे. यूट्यूब दिवसभर चालतं, टायपिंग चालतं आणि खेळात गोळीबार सुरू झाला की पीसी पटकन बंद होऊन परत सुरू होतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, अँटिव्हायरस बदलतात. दोष खाली कोपऱ्यात बसलेला असतो. साधा एसएमपीएस जळताना सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो, म्हणून तीन हजार वाचवायची जागा ही नव्हे.

इथल्या विजेचं वेगळं सांगायला हवं. मळ्यातल्या घरी संध्याकाळी आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. स्वस्त एसएमपीएसवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तो १८० ला मान टाकतो. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला त्याच विजेवर निवांत चालतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. इनपुटचा हा आकडा त्याच तक्त्यात वरच्या ओळीत असतो.

यूपीएसवर ‘६०० व्हीए’ लिहिलेलं असतं. वॅटमध्ये तो साधारण ३६० चा निघतो. खेळ चालू असताना ३०० वॅट पीसी आणि वर मॉनिटर, म्हणजे तो काठावर येतो. दिवे गेल्यावर खेळ सेव्ह करून बंद करण्यापुरता १ केव्हीए बरा. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, पीसीला चालत नाही, तो रीस्टार्ट होतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांत आणि चाळींत सगळीकडे. पीसी खराब नसतो. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर धातूच्या डब्याला जोडलेले असतात, आणि तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग नसली की डब्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, पण मॉनिटरची किंवा टीव्हीची केबल चालू स्थितीत काढ-घाल करताना एचडीएमआयचं पोर्ट त्यानेच जाऊ शकतं. भिंतीत तीन भोकं दिसतात म्हणून तिसरी वायर आहेच असं समजू नका. वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा : फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड बदलून उपयोग नाही.

ऊन, राख आणि पाल

कॅबिनेट (ज्याला घरोघरी अजून ‘सीपीयू’ म्हणतात) घेताना दिव्यांपेक्षा समोरची जाळी बघा. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, इतकं पुरतं. पुढे अखंड काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण मे महिन्यात सांगलीतली खोली ३८ अंशांवर असते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७२ वर चालत होतं ते तेव्हा ८५ च्या घरात जाणार, कारण खोली जितकी वर जाते जवळपास तितकेच आतले भागही वर जातात. जुन्या कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तर ठेवूच नका. तिथे तीच गरम हवा फिरत राहते.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात गाळप हंगामात गच्चीवर काळी राख पडते, ती जाळीतही जाते. महिन्यातून एकदा पुढची गाळणी काढून झटका, तीन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, भन्नाट फिरवली तर बेअरिंग जातं. मागच्या बाजूला कार्डाच्या शेजारच्या रिकाम्या पट्ट्या काढून टाकल्या असतील तर बसवून घ्या. पाल उबेला आत शिरते आणि बोर्डवर चिकटून मरते, हा विनोद नाही. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला पीसी सुरू झाला नाही तर आधी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. निम्म्या ‘डेड’ बोर्डांचं दुखणं एवढंच असतं.

खरेदी आणि पहिला दिवस

पुण्याची तपकीर गल्ली (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची) सातारकरांना एका दिवसात करून येण्यासारखी आहे. भाव थोडा कमी मिळतो. पण एक भाग बिघडला तर परत पुन्हा पुणे, हे गणित धरा. जीएसटी १८ टक्के आहे, म्हणून ‘बिलाशिवाय देतो, साहेब’ हे ऐकायला गोड लागतं. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीचं काम अडतं. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन पार्सल उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा.

दर महिन्याला एक भाग घ्यायचा, सेल लागेल तसा, ही योजना शहाणपणाची वाटते. अडचण अशी, की जूनमध्ये घेतलेला बोर्ड नोव्हेंबरात प्रोसेसर आल्यावर पहिल्यांदा सुरू होतो. तोवर बदलून देण्याची मुदत कधीच गेलेली असते आणि वॉरंटीचेही पाच महिने. पैसे साठवा, भाग एकाच आठवड्यात घ्या.

जोडताना आधी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर प्रोसेसर, पंखा, रॅम, कार्ड लावून पडदा येतो का बघा. मग आत बसवा. प्रोसेसर त्रिकोणाच्या खुणेवर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. प्रोसेसरची चार-अधिक-चारची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते. कार्डाची आठ पिनांची वायर तशीच दिसते, पण तिची रचना वेगळी आहे. ती तिथे जबरदस्तीने घुसवू नका. डीडीआर५ चा पीसी पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं काळाच राहू शकतो, तो रॅम ओळखत असतो. घाबरून बंद करू नका.

सुरू झाल्यावर तीन गोष्टी, ज्या नवख्यांकडून हमखास राहतात. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला नाही, कार्डाच्या पोर्टला लावा. वीस हजाराचं कार्ड आत नुसतं बसून असल्याची कारणं शोधताना हे आधी बघा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रांगते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० किंवा १४४ हर्ट्झ स्वतः निवडा, ते आपोआप ६० वर बसलेलं असू शकतं.

मग बदलून मिळण्याच्या मुदतीतच एक दुपार काढा. खोलीचा एसी-कूलर बंद, दोन ते चारच्या उन्हात, ज्या खेळासाठी हे सगळं केलं तो सर्वात जड सेटिंगवर सलग चालवा. प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान ‘एचडब्ल्यूइन्फो’ या प्रोग्राममध्ये दिसतं. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश, आय५-१२४००एफ ची १००. प्रोसेसर त्याच्या दहा अंश खाली राहिला आणि पीसी एकदाही रीस्टार्ट झाला नाही, तर खोकी माळ्यावर टाकायला हरकत नाही. फेकू मात्र नका. कार्ड वॉरंटीत कुरिअरने पाठवायची वेळ आली तर त्या आकाराचं खोकं दुसरीकडे मिळत नाही.